परमुलखातले दुकान, परमुलखातला ऊस



या अंकाच्या अभ्यास-पाठासाठी आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता आपल्या बांधापासून फार लांबचा आहे. थोडेसे भांडवल घेऊन आफ्रिकेत गेलेले, तिथेच राहिलेले बाहेरचे लोक. त्यांनी तिथे काय उभे केले आणि तिथल्या माणसाच्या पदरात त्यातले किती पडले, हा तो विषय. कुणी म्हणेल, "इथं आपला ऊस वेळेवर तुटंना, आणि हे आफ्रिका काढून बसले!" पण जरा थांबा. त्या मुलखात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, काट्यावरची भांडणे आहेत आणि दरावरून रुसवेफुगवेही आहेत. शिवाय आपल्या भागातली बरीच मुले साखर तंत्रज्ञान शिकून युगांडा, केनिया, टांझानियातल्या कारखान्यांत केमिस्ट, इंजिनिअर म्हणून नोकरीस आहेत. ती सुटीवर आली की पारावर गोष्ट निघते, "तिकडं जमीन लई स्वस्त, पाणी मुबलक." मागोमाग एखादा दलालही येतो. तेव्हा पैसा गाठीचा सोडण्याआधी शंभर-सव्वाशे वर्षांत त्या मार्गाने गेलेल्यांचे काय झाले, हे समजून घेतलेले बरे.

घाटकोपर, मुलुंड आणि मोम्बासा

हा मार्ग समजून घ्यायला आधी मुंबईच्या उपनगरांत जावे लागते. मुलाच्या शिक्षणासाठी नाहीतर दवाखान्याच्या कामासाठी घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत आपले जाणे-येणे असते. तिथल्या गुजराती-कच्छी वस्तीत चौकशी केली तर एक भाऊ घाटकोपरला, दुसरा नैरोबीला आणि काकाची मुले इंग्लंडात लेस्टरला, अशी घरे सापडतात. अंधेरी-जोगेश्वरीकडच्या इस्माइली खोजा वस्तीतही तेच. घराण्याला "आफ्रिकावाले" म्हणतात, पण कातडीचा रंग, जेवण, देवघर सगळे इकडचेच. ही माणसे तिकडे गेली कशी?

कच्छमधले मांडवी, काठेवाडातले पोरबंदर आणि आपली मुंबई या बंदरांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी व्यापार फार जुना. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की गलबते झांजिबारकडे निघत आणि पावसाळ्याचा वारा फिरला की परत येत. शेतकऱ्याच्या वेळापत्रकासारखेच ते वेळापत्रक होते, सगळे वाऱ्यावर अवलंबून. पुढे मुंबईहून मोम्बासाला आगबोटी सुरू झाल्या. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. ते मुख्यतः पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले, बहुतेक परत आले, सहा-सात हजार राहिले. पुष्कळांची समजूत अशी, की आफ्रिकेतले हिंदी दुकानदार म्हणजे या मजुरांचीच मुले. तसे नाही. दुकानदार बहुतांशी आपल्या खर्चाने, आपल्या नातेवाईकाच्या भरवशावर गेलेला. रेल्वेने त्याला फक्त रस्ता दिला.

त्याचे भांडवल म्हणाल तर जवळजवळ काही नाही. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा मामाच्या किंवा गाववाल्याच्या दुकानी जाई. दोन-चार वर्षे जेवून-खाऊन राबे, माप करायला शिके, स्थानिक भाषा शिके. मग मामा त्याला दहा-वीस मैल आत एक पत्र्याचे खोपट टाकून देई आणि माल उधार देई. मामाला माल मोम्बासाचा घाऊक व्यापारी उधार देई, आणि त्याला मुंबईचा. म्हणजे आफ्रिकेच्या रानातल्या त्या खोपटातले मीठ, कापड, काडेपेटी आणि रॉकेल मुंबईच्या पेढीच्या पतीवर उभे होते. हुंडी इथे लिहायची आणि तिथे वटवायची. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत चलनही आपला रुपयाच होता.

सभासदांनी एक गंमत ध्यानात घ्यावी. तिकडच्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी', आणि चपातीला चपातीच. भाषेत शिरलेले शब्द सांगतात की देवघेव कशाची झाली. पण हेही बघा, की यातले बहुतेक शब्द गल्ल्याचे आहेत, शेताचे फारसे नाहीत. त्यालाही कारण आहे. केनियाच्या थंड, सुपीक पठारावरची जमीन इंग्रज सरकारने गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती. हिंदी माणसाला तिथे शेती घेता येत नव्हती. किसुमूजवळ किबोस येथे थोड्या हिंदी लोकांना जमिनी मिळाल्या आणि तिथे त्यांनी ऊस लावला, पण ते तेवढेच. बाकीच्यांना दुकानाशिवाय वाट नव्हती.

या दुकानदाराने स्थानिक माणसाला काय दिले? पहिल्यांदा बाजार दिला. मका, तीळ, कातडी, कापूस विकायला जागा मिळाली, आणि रोख पैसा हाती आला. कच्छमधल्या केरा गावचा अलिदिना विश्राम (१८५१–१९१६) याने तर रेल्वे पुरी व्हायच्या आधीपासून आतल्या मुलखात दुकानांची साखळी घातली होती. जिथे सरकारी अंमलदार नीट पोचला नव्हता तिथे ही दुकाने मीठ-कापड पोचवत होती. हे काम मोठेच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण आपण शेतकरी आहोत, तेव्हा दुकानाच्या दुसऱ्या बाजूनेही पाहू. माल घेणारा तोच, विकणारा तोच, वजन करणाराही तोच. आडतीच्या काट्यावर आपल्या आजोबांना जे वाटत असे तेच त्या आफ्रिकी शेतकऱ्यालाही वाटत होते. आणि त्याला स्वतः दुकान टाकावेसे वाटले तर? इंग्रज सरकारचा कायदा आडवा येई. आफ्रिकी माणसाला व्यापाऱ्याने उधार देण्यावर बंधने होती. त्याच्या रक्षणासाठी म्हणून केलेली. रक्षण किती झाले कोण जाणे, पण उधारीवरच चालणाऱ्या धंद्यात शिरायचे दार मात्र त्याला बंद झाले. मामाने भाच्याला पत दिली तशी पत देणारा त्याला कुणी भेटला नाही.

पतीवरून एक हकिगत सांगितलीच पाहिजे. १९४६ च्या मार्चमध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर इस्माइली पंथाचे प्रमुख तिसरे आगाखान यांची हिऱ्यांनी तुला झाली, आणि त्याच वर्षी दारेसलाममध्येही झाली. पेपरांत छायाचित्रे आली ती हिऱ्यांची. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे: त्या निमित्ताने जमलेल्या पैशातून पूर्व आफ्रिकेत एक गुंतवणूक-संस्था निघाली आणि ती लहान दुकानदारांना, त्यांच्या सोसायट्यांना कर्जे देऊ लागली. आपल्या जिल्हा बँकेने विकास सोसायटीमार्फत पीककर्ज द्यावे, त्याच जातीची ती व्यवस्था. एकट्याची पत तोकडी पडते तिथे जमावाची पत कामाला येते, हे त्यांनीही ओळखले होते. फक्त त्यांचा जमाव जमातीपुरता होता. शेजारचा आफ्रिकी शेतकरी त्याच्या बाहेर राहिला.

लुगाझी, काकिरा आणि आपले साकरवाडी

आता साखरेकडे येऊ. पोरबंदरकडच्या नानजी कालिदास मेहता (१८८७–१९६९) यांनी तेराव्या वर्षी गलबतातून आफ्रिका गाठली. दुकानातली नोकरी, मग स्वतःचे दुकान, मग कापसाच्या जिनिंग फॅक्टऱ्या, असे करत त्यांनी १९२४ मध्ये युगांडात लुगाझी येथे साखर कारखाना काढला. त्याच बाजूचे मुळजीभाई माधवानी (१८९४–१९५८) असेच पोरवयात गेले. विठ्ठलदास हरिदास यांच्या पेढीत ते वाढले आणि १९३० मध्ये जिंजाजवळ काकिरा येथे त्यांचा साखर कारखाना सुरू झाला. दोघांनीही सुरुवात पत्र्याच्या दुकानातून केली. रानात रस्ते, कामगारांच्या चाळी, दवाखाने, शाळा असा सगळा पसारा उभा केला. आपल्या कारखान्याच्या वसाहतीत राहिलेल्या माणसाला तिथे फारसे परके वाटणार नाही.

दोन्ही घराणी लोहाणा समाजाची. याच समाजातले आणखी एक कुटुंब आफ्रिकेला न जाता साखरेत शिरले. करमशी जेठाभाई सोमय्या (१९०२–१९९९) यांचे घराणे मूळ कच्छचे, जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला. मुंबईत साखरेच्या व्यापारात त्यांनी नाव कमावले आणि १९३९ मध्ये गोदावरी शुगर मिल्स ही कंपनी काढून कोपरगाव तालुक्यात साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी येथे कारखाने उभारले. घाटकोपरला लागून असलेल्या विद्याविहारमधली मोठी शिक्षणसंस्था त्यांनीच १९५९ मध्ये सुरू केली. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुले तिथे शिकून गेली असतील. साखरेतला पैसा शिक्षणात गेला याचे आम्हाला कौतुकच आहे. पण आमचा मुद्दा निराळा. युगांडातल्या शेतकऱ्याच्या दारात जे आले, तेच गोदाकाठच्या शेतकऱ्याच्याही दारात आले होते: बाहेरचे भांडवल, बाहेरचे यंत्र, आणि मोठ्या सलग जमिनीची गरज.

ही गरज काय करते ते आपल्याला पुस्तकात वाचावे लागत नाही. १९२० च्या आसपास पाटाचे पाणी आले, हरेगावला बेलापूर कंपनी उभी राहिली. नगर, पुणे, सोलापूर जिल्ह्यांत खासगी कारखान्यांसाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने गेल्या. मुदत संपली तरी त्या परत आल्या नाहीत. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या कंपन्यांकडून निघाल्या त्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांच्या वारसांना त्यांचे वाटप सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. ज्याने करारावर अंगठा उठवला त्याच्या नातवाने, पणतवाने ताबा घेतला. सालाबरहुकूम खंड मिळतो म्हणून "आहे ते बरं आहे" म्हणणारेही त्या वेळी पुष्कळ होते.

या भागातल्या शेतकऱ्यांनी यावर काढलेला तोड सगळ्यांना ठाऊक आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी बैलगाडीतून गावे पालथी घालून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांनी अध्यक्षपद घेतले, मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी राहिले आणि १९५० च्या अखेरीस लोणीला प्रवरेचे चाक फिरले. वैकुंठभाई गुजराती, गाडगीळ अर्थशास्त्राचे पंडित, दोघेही ऊस लावणारे नव्हेत. म्हणजे बाहेरच्या माणसाला मज्जाव नव्हता. मालकी कोणाची, एवढाच प्रश्न होता.

जिनिंगचे चाक कुणाच्या हाती?

गंमत बघा, याच सुमाराला युगांडातही हाच प्रश्न उठला होता. तिथे आफ्रिकी शेतकरी कापूस पिकवत होता, जिन मात्र बहुतांशी हिंदी मालकांचे होते, आणि दर सरकार ठरवत होते. १९४९ मध्ये बुगांडा प्रांतात मोठे दंगे झाले. दंगेखोरांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की आमचा कापूस आम्हालाच पिंजू द्या, आम्हालाच विकू द्या. इथे आमच्या वाचकांच्या अंगावर काटा यावा, कारण शब्दांत थोडा फरक केला तर ही मागणी लोणीची आहे. तिथे १९४६ मध्ये सहकारी कायदा आला होता. पुढे १९५० च्या दशकात शेतकऱ्यांच्या सहकारी संघांना जिन विकत घ्यायची सोय झाली. एल्गॉन डोंगराच्या उतारावरच्या कॉफी उत्पादकांचा बुगिसू संघ १९५४ मध्ये निघाला, तो पुष्कळ नावाजला.

पण साखरेत तसे घडले नाही. लुगाझी आणि काकिरा खासगीच राहिले. बाहेरगावच्या शेतकऱ्याचा ऊस पुढे येऊ लागला तरी भाग त्याच्या नावावर नव्हता. हिंदी दुकानदारावरचा राग साठत होता. १९५९-६० मध्ये बुगांडात हिंदी दुकानांवर बहिष्कार पडला, आणि आतल्या गावांतून पुष्कळ दुकानदारांनी गाशा गुंडाळून शहर गाठले. केनियातही १९६७ मध्ये व्यापार परवान्यांचा कायदा आला. नागरिकत्व न घेतलेल्या व्यापाऱ्यांची कोंडी झाली. याच वर्षांत काही कुटुंबांनी घाटकोपर, मुलुंड, विलेपार्ले भागांत खोल्या घेऊन ठेवल्या. एक पाय तिकडे, एक पाय इकडे. आता यात दोष कुणाचा? पेटी भरून ठेवणाऱ्याला स्थानिक माणूस आपला समजत नाही, आणि आपला समजत नाही म्हणून तो पेटी भरून ठेवतो. हे कोडे शेवटपर्यंत सुटले नाही.

ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा लष्करशहा इदी अमीन याने हिंदी लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. पन्नास हजारांहून जास्त माणसे निघाली. त्यातली २७ हजारांच्या आसपास इंग्लंडला, काही हजार भारतात आली. त्यांतली काही मुंबई बंदरात उतरून उपनगरांतल्या नातेवाइकांकडे गेली. घर, दुकान, मोटार, बँकेतले खाते, सगळे मागे. यात युगांडाचे नागरिकत्व घेतलेलेही भरडले गेले, हे विशेष. ज्याने कायद्याने देश आपला मानला त्यालाही वाचवायला कुणी आले नाही.

दुकाने-कारखाने वाटले गेले ते शेतकऱ्याला नव्हे. लष्करातल्या आणि सत्तेजवळच्या मंडळींना ते मिळाले. तिकडे अशा लोकांना 'माफुता मिंगी' हे नाव पडले. शब्दशः अर्थ 'पुष्कळ तेल', आपण म्हणू तुपात बोटे बुडालेली मंडळी. दुकानातला माल संपला तसे दुकान संपले, कारण नवा माल कुठून, कुणाच्या पतीवर आणायचा, हे माहीत असलेला माणूस निघून गेला होता. लाखाच्या वर टन साखर करणाऱ्या त्या देशात साखरेसाठी रांगा लागल्या, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साखरेचे उत्पादन जवळजवळ शून्यावर आले. ऊस रानात उभा राहून वाळला. कारखाना म्हणजे लोखंड नव्हे. बॉयलरवरचा फायरमन, पॅनवरचा पॅनमन, शेतकी खात्याचा माणूस, बेण्याचे वेळापत्रक, वाहतुकीची उधारी या सगळ्याची साखळी म्हणजे कारखाना, आणि ती साखळी ९० दिवसांत तुटली. कुणाला हाकलून आपले भले होईल असे वाटत असेल तर त्याने युगांडाची ती दहा वर्षे जरूर पाहावीत.

१९८२ मध्ये युगांडात जप्त मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला. मेहता आणि माधवानी घराणी १९८० च्या दशकात परतली, कारखाने पुन्हा चालू झाले. १९८६ नंतर आणखी लोक आले. आज युगांडाची साखर पाच लाख टनांच्या वर गेली आहे आणि काकिरा त्यात सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. तिथे सहवीजनिर्मिती आहे, आसवनी आहे, आणि निम्म्याहून जास्त ऊस हजारो बाहेरच्या शेतकऱ्यांकडून येतो.

मग सगळे सुरळीत झाले का? तसे म्हणवत नाही. २००६-०७ मध्ये लुगाझीच्या कारखान्याला उसासाठी माबिरा जंगलातली सुमारे ७,१०० हेक्टर जमीन देण्याचा सरकारी विचार पुढे आला. एप्रिल २००७ मध्ये कंपालात त्याविरुद्ध मोर्चा निघाला, तो बिघडला, आणि जमावाने एका भारतीय माणसाला दगडांनी ठेचून मारले. त्या मोर्चात आणखी दोघे प्राणास मुकले. जंगल वाचले, प्रस्ताव मागे पडला. पण ज्याचा त्या प्रस्तावाशी काडीचा संबंध नव्हता असा माणूस रस्त्यात मेला. पस्तीस वर्षांनीही राग जागच्या जागी होता, आणि तो जमिनीवरून पेटला.

काकिरा ज्या बुसोगा भागात आहे तिथली गोष्ट आपल्याला अधिक जवळची. उसाला पैसा मिळतो म्हणून लहान शेतकऱ्याने घराजवळचा मका, केळी, रताळी काढून ऊस लावला. काहींनी रान मोठ्या बागायतदाराला वहिवाटीला देऊन टाकले आणि स्वतः त्याच रानात तोडणीला गेले. मग नवे कारखाने निघाले, ऊस अति झाला, दर कोसळला, घरात धान्य नाही आणि हातात चिठ्ठ्या. पोरे शाळा सोडून उसात, ही तक्रार तिथे नेहमीची आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांची साखरशाळा आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा नाके मुरडण्याचे कारण नाही. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर अंतर असावे की नसावे, हाही वाद तिथे चालला, जो आपल्याकडेही हवाई अंतराच्या नावाने चालतो. मळी, बगॅस, वीज यांच्या पैशात ऊस उत्पादकाला वाटा द्या, ही मागणीही आहे. फरक एवढाच, की तिथला शेतकरी हे बाहेर उभा राहून मागतो. आपल्याला निदान वार्षिक सभेत उठून ताळेबंदाचे पान विचारता येते. विचारतो किती जण, हे ज्याचे त्याने पाहावे.

नुसते भाग हाती आले म्हणजे भागले, असेही नाही. केनियात मुमियासचा कारखाना १९७३ मध्ये सुरू झाला. मोठा हिस्सा सरकारचा, व्यवस्थापन इंग्रज कंपनीचे, ऊस बहुतांशी भोवतालच्या लहान शेतकऱ्यांचा. आफ्रिकेतला नमुनेदार कारखाना म्हणून लोक पाहायला जात. २००१ मध्ये त्याचे भाग शेअर बाजारात आले. पुढे कर्ज, चोरटी आयात, गैरकारभार. शेतकऱ्यांची ऊसबिले थकली, २०१९ मध्ये कारखाना कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात गेला आणि २०२१ च्या अखेरीस भाडेपट्ट्याने देण्यात आला. तो घेणारा उद्योगसमूह युगांडातल्या एका भारतीय वंशाच्या कुटुंबाचा आहे. आपल्या राज्यात सहकारी कारखाने भाड्याने गेले, विकले गेले, त्यांच्या सभासदांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

विक्रोळीची औषधे, कंपालाची फॅक्टरी

उपनगरांचा आणि आफ्रिकेचा संबंध दुकानावर थांबलेला नाही. घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये विक्रोळी लागते. तिथे मोठा पसारा असलेल्या सिप्ला या औषध कंपनीने २००१ मध्ये एड्सवरची औषधे वर्षाला माणशी ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तोवर पाश्चात्त्य कंपन्यांचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. पुढे कंपालाजवळ लुझिरा येथे स्थानिक भागीदारांबरोबर औषधाची फॅक्टरी निघाली, ती २००७ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये तिचे भाग युगांडाच्या शेअर बाजारात आले. २०२३ मध्ये सिप्लाने आपला हिस्सा विकला आणि ती बाहेर पडली. फॅक्टरी तिथेच राहिली, चालू राहिली.

हे लहान गुंतवणुकीचे उदाहरण नव्हे, हे मान्य. पण १९७२ शेजारी ठेवून पाहा. तिथे बाहेरचा माणूस गेला आणि सगळे बसले. इथे गेला आणि काम चालू राहिले, कारण यंत्र, हिशेब आणि मालकी या तिन्ही ठिकाणी स्थानिक माणूस आधीपासून बसलेला होता. बाहेरून आलेला धंदा गावाच्या कामाचा ठरला की नाही, हे आम्ही तरी यावरच ठरवू. अंधेरी-मुलुंडच्या लहान कारखानदारांनी तिकडे जाऊन पत्र्याची, प्लास्टिकची, पंपाची शेड टाकली तरी विचारायचे हेच: फोरमन कुणाला केले आणि भागीदार कुणाला?

जाणाऱ्यांसाठी

आता ज्यांच्या घरात खरोखर जाण्याचे घाटते आहे त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. "आफ्रिकेत शंभर एकर तुमच्या नावावर करून देतो" असे कुणी म्हणाला तर तिथेच थांबावे. युगांडात परदेशी माणसाला जमीन कायम मालकीने घेता येत नाही; भाडेपट्टा मिळतो, तो जास्तीत जास्त ९९ वर्षांचा. केनियातही २०१० च्या राज्यघटनेने तीच मर्यादा घातली. टांझानियात परदेशी माणसाला जमीन फक्त गुंतवणुकीच्या कामासाठी, सरकारी गुंतवणूक यंत्रणेमार्फत वापरायला मिळते. शिवाय पुष्कळ जमिनीवर कागदात एकाचे नाव आणि प्रत्यक्षात दुसऱ्याची वहिवाट असते. बुगांडात तर मालक वेगळा आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कूळ वेगळे, आणि कुळाला कायद्याचे संरक्षण आहे. सातबाऱ्यावरचे इतर हक्क वाचल्याशिवाय आपण गुंठा घेत नाही; तिथे तर उतारा वाचायलाही वकील लागतो.

आपल्या बाजूनेही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पण ती बँकेतून, कारण सांगून, पॅन क्रमांक देऊन. परदेशात जमिनी नुसत्या घेऊन विकण्याच्या धंद्यात गुंतवणूक करायला मनाई आहे. कुणी रोकड मागितली तर ती हुंडी मामाची नाही, हे ओळखावे.

मोठ्या रकमा बुडाल्याचेही उदाहरण आहे. बंगळूरच्या एका मोठ्या फूल-उत्पादक कंपनीने इथिओपियाच्या गांबेला भागात लाखभर हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने घेतली होती. पूर आला, भांडवल आटले, कबूल केलेली लागवड झाली नाही, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने करार रद्द केला. त्या जमिनीवर आधी गुरे चारणाऱ्या लोकांचा विरोध होता तो वेगळाच. लाखभर हेक्टर पाहून न आलेल्या माणसाला नकाशावर ते मोकळे रान दिसले होते.

ज्यांची मुले नोकरीनिमित्त तिकडे आहेत त्यांनी जमिनीच्या फंदात न पडता आपल्या हातातली विद्या लावावी, असे आमचे मत आहे. खोडव्याची निगा, पाचटाचे आच्छादन, ठिबक, एक डोळा रोप, वेळच्या वेळी बेणेबदल या गोष्टी बुसोगाच्या दोन एकरवाल्याला आज हव्या आहेत, आणि त्यासाठी जमीन लागत नाही. अशा कामासाठी एखाद्या स्थानिक सोसायटीशी भागीदारी करून रोपवाटिका काढली तर भांडवलही थोडे लागेल.

ज्या सभासदांचे मुलगे-मुली युगांडा, केनिया किंवा टांझानियातल्या कारखान्यांत आहेत त्यांनी तिथल्या शेतकऱ्याला ऊसबिल किती दिवसांत मिळते, काटा कोण तपासतो आणि तोडणी-वाहतूक खर्च कुणाच्या माथी पडतो, एवढ्या तीन गोष्टी पत्राने मागवून आपल्या गट ऑफिसात द्याव्यात. पुढील अंकात त्या आपल्या पद्धतीशेजारी मांडून छापू.